बिझीबॉक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात रविवारी सकाळी भरणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गाला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी येतात, हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत लहान उद्योग चालवणारे येतात आणि काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांसाठी पंपाचे कंट्रोलर बनवणारे दोघेतिघेही येतात. प्रत्येकाचा बोर्ड, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा संगणक, वेगळा असला, तरी बिझीबॉक्सविषयीचे प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. आज्ञांची आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची आहेत.

बिझीबॉक्स म्हणजे नेमके काय?

लिनक्सच्या नेहमीच्या संगणकावर एलएस, सीपी, ग्रेप, टार, माउंट, पिंग, व्हीआय यांपैकी प्रत्येक आज्ञा म्हणजे एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो, आणि हे प्रोग्रॅम निरनिराळ्या प्रकल्पांतून आलेले असतात. अशा ३०० हून अधिक आज्ञांच्या आटोपशीर आवृत्त्या सी भाषेत नव्याने लिहून त्या एकाच एक्झिक्युटेबल फाइलीत बांधणारा मुक्तस्रोत प्रकल्प म्हणजे बिझीबॉक्स. यातल्या प्रत्येक आज्ञेला ॲप्लेट म्हणतात. बहुतेक ॲप्लेट समाविष्ट करूनही तयार होणारी फाइल साधारण एक मेगाबाइटच्या आसपास राहते, आणि गरजेपुरतेच ॲप्लेट ठेवले तर त्याहूनही बरीच लहान होते.

यात कर्नल (लिनक्सचा गाभा) नाही, तो चालू करणारा बूटलोडर नाही आणि प्रोग्रॅमना लागणारी सी लायब्ररीही नाही. ‘बिझीबॉक्स टाकला की लिनक्स झाले’ असे समजून पहिल्या दिवशी येणारे पुष्कळ असतात. कर्नल सुरू झाल्यानंतर वापरकर्त्याच्या बाजूला जे काही लागते, त्याचा मोठा भाग तेवढा बिझीबॉक्स पुरवतो.

हा प्रकल्प कुणी सुरू केला?

ब्रूस पेरेन्स यांनी, १९९५ मध्ये. डेबियन हे लिनक्स बसवण्यासाठी आणि बिघडलेली प्रणाली सावरण्यासाठी लागणारे सगळे १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर मावावे, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि १९९६ मध्ये त्यांनी आपल्या परीने हे काम पूर्ण झाल्याचे जाहीरही केले होते. पुढे एरिक अँडरसन यांनी ते एम्बेडेड उपकरणांच्या दिशेने वाढवले. लहान उपकरणांसाठीची यूसीलिबसी ही सी लायब्ररीही तेच सांभाळत होते. २००६ मध्ये काही काळ रॉब लँडली यांनी प्रकल्प सांभाळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून ती जबाबदारी डेनिस व्लासेंको यांच्याकडे आली.

मी तो कधी वापरला असण्याची शक्यता आहे का?

बहुधा आहे. घरच्या वाय-फाय राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स प्रणाली असेल तर त्यात बिझीबॉक्स आहे. डॉकरवर अल्पाइन लिनक्सची प्रतिमा उतरवली असेल तर त्यातही आहे. बोर्डसाठी लिनक्स बांधणाऱ्या बिल्डरूटने तयार केलेल्या फाइल सिस्टीममध्ये तो मुळातूनच गृहीत धरलेला असतो. उबुंटूची डिस्क बिघडल्यावर काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असे लिहिलेला जो प्रॉम्प्ट येतो, तोही बिझीबॉक्सचाच शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री लॅपटॉपने दगा दिलेल्या अनेकांची त्याच्याशी पहिली ओळख तिथेच होते.

एकच फाइल इतक्या आज्ञांचे काम कसे करते?

कोणताही प्रोग्रॅम सुरू होताना त्याला काही शब्द दिले जातात आणि त्यांतला पहिला शब्द, म्हणजे शून्याव्या क्रमांकाचा आर्ग्युमेंट, हा ज्या नावाने त्याला हाक मारली ते नाव असतो. बिझीबॉक्स हे नाव वाचतो, आपल्या आतल्या तक्त्यात शोधतो आणि त्या नावासमोर नोंदवलेले फंक्शन चालवतो. बिन डिरेक्टरीत एलएस, सीपी, एमव्ही ही जी नावे दिसतात ती खरे तर बिझीबॉक्सकडे नेणाऱ्या लिंक असतात. बहुरूपी एकच, सोंगे तेवढी निराळी.

याची खात्री करायची असेल तर एलएस या आज्ञेला ‘वजा एल’ हा पर्याय देऊन बिन डिरेक्टरी पाहावी, म्हणजे ओळीमागून ओळ त्याच एका फाइलीकडे बाण दाखवताना दिसेल. लिंक नसली तरी काम अडत नाही. ‘बिझीबॉक्स एलएस’ असे दोन शब्द लिहिले की तेच ॲप्लेट चालते. सगळ्या लिंक एकदम तयार करण्यासाठी ‘इन्स्टॉल’ हा पर्याय आहे आणि त्याला ‘वजा एस’ जोडले की हार्ड लिंकऐवजी सिम्बॉलिक लिंक तयार होतात.

पण एकत्र बांधल्याने जागा का वाचावी? कोड तर तितकाच राहणार ना?

तितकाच राहत नाही. प्रत्येक स्वतंत्र प्रोग्रॅमबरोबर त्याचे शीर्षक, सुरुवातीचा कोड, लायब्ररीशी जोडणी करणारे तक्ते आणि रिकाम्या सोडलेल्या जागा येतात. शंभर प्रोग्रॅम असतील तर हा भार शंभरदा पडतो. शिवाय फाइल वाचणे, पर्याय तपासणे, चुकीविषयीचा संदेश छापणे, आकडा वाचून घेणे ही कामे जवळजवळ प्रत्येक आज्ञेला करावी लागतात, आणि बिझीबॉक्समध्ये त्यांची एकच सामायिक लायब्ररी आहे. तिसरा लाभ रॅमचा. शेल, ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा क्रॉन, नोंदी ठेवणारा सिसलॉग आणि आयपी पत्ता मागून घेणारा डीएचसीपी क्लायंट हे चौघे एकाच वेळी चालू असले, तरी त्यांची फाइल एकच असल्याने कर्नल तिच्या कोडची पाने स्मृतीत एकदाच ठेवतो.

हे सगळे खरे असले तरी माझ्या मते मोठी बचत वगळण्यातून होते. दुर्मीळ पर्याय, लांबलचक मदत, अनेक भाषांतले संदेश यांना बिझीबॉक्सने सरळ कात्री लावलेली आहे. त्याविषयीच्या निम्म्या तक्रारी याच कात्रीविषयीच्या असतात.

बोर्डसाठी तो कंपाइल कसा करावा?

मूळ कोड उतरवून उलगडल्यावर ‘मेक डीईएफकॉन्फिग’ दिल्यास सर्वसाधारण निवड तयार होते, आणि त्यानंतर ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ दिल्यास कर्नलच्या धर्तीचा मेनू उघडतो. हा मेनू उघडत नसेल तर तुमच्या संगणकावर एनकर्सेसचे डेव्हलपमेंट पॅकेज नाही, असे समजावे. मेनूच्या सेटिंग्ज विभागात क्रॉस-कंपायलरचा (बोर्डच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणाऱ्या कंपायलरचा) उपसर्ग भरावा, स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी फाइलीतच बांधलेली, हवे की नको ते ठरवावे आणि मग ‘मेक’ व ‘मेक इन्स्टॉल’ द्यावे. अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या ‘इन्स्टॉल’ नावाच्या फोल्डरात बिन, एसबिन आणि यूएसआर यांची मांडणी लिंकसह तयार मिळते.

१.३६.१ ही आवृत्ती नव्या संगणकावर कंपाइल करताना नेटवर्कची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या ‘टीसी’ या ॲप्लेटपाशी काम अडते. कर्नलच्या ६.८ आवृत्तीपासून हेडरमधून सीबीक्यू या वाहतूक नियंत्रणाच्या पद्धतीच्या जुन्या व्याख्या काढून टाकल्या गेल्या, हे त्यामागचे कारण आहे. वाहतूक नियंत्रणाची गरज नसेल, आणि पंपाच्या कंट्रोलरला ती नसतेच, तर मेनूतून टीसी काढून टाकावे आणि पुढे जावे.

स्टॅटिक ठेवावे की डायनॅमिक, आणि सी लायब्ररी कोणती घ्यावी?

बोर्डवर बिझीबॉक्सखेरीज एखादाच प्रोग्रॅम असेल तर स्टॅटिक सोयीचे पडते, कारण लायब्ररीच्या फाइली सोबत न्याव्या लागत नाहीत. मात्र जीलिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीबरोबर स्टॅटिक बांधणी केल्यास नावाचा पत्ता शोधणारी तिची यंत्रणा चालू असतानाही बाहेरच्या शेअर्ड लायब्ररी मागते आणि त्या नसल्या की पिंगला आयपी पत्ता दिलेला चालतो, पण नाव दिलेले चालत नाही. हा दोष नेटवर्कचा समजून केबल बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. स्टॅटिकच हवे असेल तर मसल किंवा यूसीलिबसी-एनजी ही छोटी लायब्ररी घ्यावी. प्रोग्रॅम पुष्कळ असतील तर डायनॅमिकच बरे.

फाइल समोर दिसते आहे, चालवण्याची परवानगीही आहे, तरी शेल ‘नॉट फाउंड’ का म्हणतो?

या एका प्रश्नावर आमच्या वर्गाच्या कितीतरी सकाळी गेल्या आहेत. शेल खोटे बोलत नसतो. त्याच्याकडे आलेला संदेश अपुरा असतो. डायनॅमिक प्रोग्रॅमच्या पोटात त्याला स्मृतीत चढवणाऱ्या लोडरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. कर्नलला तुमची फाइल सापडते, पण तो लोडर सापडत नाही, आणि कर्नल दोन्ही प्रसंगी ‘अशी फाइल नाही’ हा एकच त्रुटी-क्रमांक परत करतो. कुठली फाइल नाही, हे तो सांगत नाही.

म्हणून संगणकावर ‘रीडएल्फ’ ही आज्ञा ‘वजा एल’ पर्यायासह चालवून इंटरप्रीटरची ओळ वाचावी. तिथे जीलिबसीचा लोडर लिहिलेला असेल आणि बोर्डवर मसलचा असेल, तर प्रोग्रॅम चालणार नाही. एआरएममध्ये हार्ड फ्लोट आणि सॉफ्ट फ्लोट यांचे लोडर वेगवेगळ्या नावांचे असतात, त्यामुळे तिथेही हीच गडबड होते.

स्क्रिप्टच्या बाबतीत कारण वेगळे पण जातकुळी तीच. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर असते. पहिल्या ओळीतल्या शेलच्या मार्गाला ते चिकटते आणि त्या विचित्र नावाचा शेल अर्थातच कुठे नसतो. बिझीबॉक्समधलेच ‘डॉस-टू-युनिक्स’ हे ॲप्लेट एकदा फिरवले की काम होते.

आणि ‘ॲप्लेट नॉट फाउंड’?

लिंक आहे, पण ते ॲप्लेट कंपाइल करताना निवडलेले नाही. ‘बिझीबॉक्स’ला ‘लिस्ट’ हा पर्याय देऊन यादी पाहावी.

बूट होताना कर्नल पॅनिक होतो आणि ‘नो वर्किंग इनिट फाउंड’ असे दिसते. बिझीबॉक्स बिघडला आहे का?

क्वचितच. आधी पाहावे की इनिटची, म्हणजे कर्नल सर्वांत आधी सुरू करतो त्या प्रोग्रॅमची, लिंक आहे का, बिझीबॉक्स त्याच प्रोसेसरसाठी कंपाइल केला आहे का आणि, मघाशी सांगितल्याप्रमाणे, त्याचा लोडर फाइल सिस्टीममध्ये आहे का. या तीन ठिकाणी काही सापडले नाही, तर कर्नलला दिलेला रूट विभाजनाचा पत्ता तपासावा.

बिझीबॉक्सचा इनिट नेहमीच्या इनिटपेक्षा कसा वेगळा आहे?

त्याला रनलेव्हल, म्हणजे प्रणालीच्या क्रमांकित अवस्था, नाहीत. ईटीसी डिरेक्टरीतल्या इनिटटॅब फाइलीत प्रत्येक ओळीला अपूर्णविरामाने वेगळे केलेले चार रकाने असतात. जुन्या सिस-व्ही पद्धतीत पहिला रकाना निव्वळ ओळखीचा असे. येथे तो टर्मिनलचे नाव असतो. दुसरा रकाना वाचला जातो, पण त्याची दखल घेतली जात नाही. तिसऱ्यात कृती आणि चौथ्यात चालवायची आज्ञा.

कृतींपैकी सिसइनिट ही सर्वांत आधी आणि एकदा चालते. तिथे बहुधा आरसीएस ही स्क्रिप्ट असते आणि तिला चालवण्याची परवानगी द्यायला लोक हमखास विसरतात. रिस्पॉन म्हणजे प्रोग्रॅम मेला की पुन्हा उठवणे. तुमचा मुख्य प्रोग्रॅम इथे ठेवावा. आस्कफर्स्ट म्हणजे शेल सुरू करण्यापूर्वी एंटर दाबण्याची विनंती छापून थांबणे, ज्यामुळे कुणी केबल जोडून एंटर दाबेपर्यंत शेलसाठी रॅम खर्ची पडत नाही. फाइल बदलल्यावर बोर्ड बंद-चालू करण्याची गरज नाही. एक क्रमांकाच्या प्रोसेसला हँगअप सिग्नल पाठवला की इनिट ती पुन्हा वाचतो.

पिंग सुरू केले आणि आता ते कंट्रोल-सीने थांबतच नाही. काय करावे?

शेल सुरू होताना ‘जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ’ अशी ओळ आली होती का, ते आठवून पाहा. तुमचा शेल कन्सोल या सामान्य उपकरणावर चालू आहे, आणि कर्नल त्या उपकरणाला नियंत्रक टर्मिनल होऊ देत नाही, त्यामुळे कंट्रोल-सीचा सिग्नल कुणाकडेच जात नाही. इनिटटॅबच्या पहिल्या रकान्यात खऱ्या सिरियल पोर्टचे नाव लिहावे, जसे टीटीवाय-एस-शून्य. कर्नलला इनिट म्हणून थेट शेलच दिला असेल तर सेटसिड आणि सीटीटीवायहॅक ही दोन ॲप्लेट एकामागोमाग लावून शेल सुरू करावा. तूर्तास मात्र बोर्डची वीज काढण्याला पर्याय नाही. पिंगला मोजके पॅकेट पाठवण्याचा पर्याय देण्याची सवय लावून घेतलेली बरी.

लॅपटॉपवर नीट चालणारी स्क्रिप्ट बोर्डवर का मोडते?

कारण ती लॅपटॉपवरच्या बॅश या शेलसाठी लिहिलेली आहे आणि बोर्डवर बिझीबॉक्सचा ॲश हा शेल आहे. ॲशमध्ये ॲरे नाहीत. दुहेरी चौकटी कंसाचा आधार अर्धामुर्धा आहे. आज्ञांचेही तसेच: ग्रेपचा पर्लच्या धर्तीचा पर्याय नाही, डेटला ‘काल’ किंवा ‘पुढचा सोमवार’ असे शब्द समजत नाहीत, पीएसचे पर्याय मोजकेच आहेत. बोर्डसाठीची स्क्रिप्ट सुरुवातीपासून पॉसिक्स या सामायिक मानकाच्या मर्यादेत लिहावी आणि लॅपटॉपवरच ‘बिझीबॉक्स एसएच’ने चालवून पाहावी, उबुंटू किंवा डेबियनवर बिझीबॉक्स बसवायला मिनिटही लागत नाही. ज्या बोर्डच्या प्रोसेसरला एमएमयू (स्मृतीची वाटणी सांभाळणारा भाग) नाही, तिथे ॲशऐवजी हश हा दुसरा शेल निवडावा लागतो.

बोर्डवर घड्याळाची चिप नाही. क्रॉनवर विसंबावे का?

विसंबू नये. का, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. काटोलजवळच्या एका संत्राबागेत आम्ही ठिबकचा पंप चालवणारा बोर्ड बसवला होता. आंबिया बहारासाठी डिसेंबरात बागेला ताण द्यायचा, म्हणजे पाणी पूर्ण तोडायचे, आणि जानेवारीपासून सकाळी सहाला पाणी सुरू करायचे, असे ठरलेले होते. त्यानुसार क्रॉनच्या ओळीत महिन्याच्या रकान्यात जानेवारी ते मे लिहिले होते आणि ती ओळ आम्ही तिघांनी तपासलीही होती. तरी डिसेंबरच्या मध्यावर बागवानांचा फोन आला, की रात्री साडेदहाला पंप चालू आहे.

शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्री दहाला येत होती आणि बोर्डही त्याच लाइनवर होता. घड्याळाची चिप नसल्याने वीज आली की कर्नलच्या लेखी वेळ शून्यापासून सुरू होई, म्हणजे ग्रिनिचच्या हिशेबाने १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र. आम्ही टाइमझोन भारतीय ठेवलेला असल्याने बोर्डला ती पहाटेचे साडेपाच वाटे. महिना जानेवारी, आणि सहाला अर्धा तास कमी. वीज आल्यावर बरोबर अर्ध्या तासाने पंप सुरू व्हायचा. बिझीबॉक्सचा क्रॉन आपले काम चोख बजावत होता. ताण मात्र मोडला, आणि त्या बागेत त्या वर्षी बहार एकसारखा फुटला नाही.

आता आम्ही नाण्याएवढ्या सेलवर चालणारे डीएस३२३१ चे मॉड्यूल लावतो, आरसीएसमध्ये एचडब्ल्यूक्लॉक या ॲप्लेटने त्यातली वेळ उचलतो, नेटवर्क असेल तिथे एनटीपीडी एकदा चालवून ती जुळवतो, आणि वर्ष १९७० असेल तर क्रॉन सुरूच करत नाही. ही शेवटची तपासणी शेलच्या दोन ओळींची आहे, आणि बाकी सगळे राहिले तरी ती राहू देऊ नका.

टाइमझोन ‘आयएसटी अधिक साडेपाच’ लिहिला, तर वेळ अकरा तास मागे पडली.

पॉसिक्सच्या पद्धतीत चिन्ह उलटे असते, म्हणजे ग्रिनिचला पोहोचण्यासाठी स्थानिक वेळेत किती मिळवायचे ते लिहायचे असते. भारतासाठी आयएसटी, लगेच वजा चिन्ह आणि मग ५:३० असे लिहावे.

काही महिन्यांनी बोर्डची फ्लॅश भरते किंवा खराब होते. लॉग कुठे ठेवावेत?

रॅममध्ये. सिसलॉगडी हे ॲप्लेट मुळात व्हार-लॉगमधल्या मेसेजेस नावाच्या फाइलीत लिहिते, २०० किलोबाइट झाल्यावर ती बदलते आणि एक जुनी प्रत ठेवते, त्यामुळे त्याच्याकडून फ्लॅश सहसा भरत नाही. पण दर सेकंदाला येणाऱ्या ओळींनी ती झिजते. ‘वजा मोठा सी’ हा पर्याय दिला की नोंदी रॅममधल्या चक्राकार बफरमध्ये जातात आणि लॉगरीड या ॲप्लेटने त्या वाचता येतात. वीज गेली की त्या पुसल्या जातात, हा तोटा मान्य करावा लागतो. टिकवायलाच हव्यात अशा चार-दोन नोंदी तुमच्या प्रोग्रॅमने स्वतः वेगळ्या लिहाव्यात. फ्लॅश भरण्याचे खरे कारण बहुतेक वेळा दुसरेच असते: आपणच चाचणीपुरती ‘एको’ करून एखाद्या फाइलीला जोडलेली आणि नंतर काढायला विसरलेली ओळ.

मराठी नावाच्या फाइलींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. बिझीबॉक्सला देवनागरी चालत नाही का?

चालते, मुळातल्या निवडीत ती अडवलेली असते. मेनूत युनिकोडचा आधार चालू केल्यावर ‘दाखवण्याजोग्या अक्षराचा कमाल क्रमांक’ अशा अर्थाचा एक पर्याय येतो आणि तिथे मूळ किंमत ७६७ असते. देवनागरीची अक्षरे युनिकोडमध्ये २३०४ ते २४३१ या क्रमांकांवर आहेत, त्यामुळे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मर्यादेबाहेर पडतात आणि प्रत्येकाच्या जागी ६३ क्रमांकाचे चिन्ह, म्हणजेच प्रश्नचिन्ह, छापले जाते. तिथे शून्य भरले की मर्यादा उठते. त्याजवळच जोडअक्षरी चिन्हांसाठी वेगळा पर्याय आहे; तो चालू न केल्यास काना-मात्रांमुळे रकान्यांची रुंदी चुकते. लँग या चलाची किंमत यूटीएफ-८ ची असावी. एवढे करूनही व्हीआयमध्ये मराठी मजकूर संपादित करण्याच्या फंदात पडू नये, कारण ते अक्षराऐवजी बाइट मोजते आणि एका ‘क’च्या तीन तुकड्यांवरून कर्सर फिरतो.

बिझीबॉक्स सुरक्षित आहे का?

जेवढे ठेवाल तेवढ्याचीच काळजी करावी लागते, हा त्याचा मोठा गुण. २०२१ मध्ये संशोधकांनी त्यात १४ उणिवा दाखवल्या होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य ऑक या मजकूर हाताळणाऱ्या एकाच ॲप्लेटमध्ये होत्या. त्याच वर्षीच्या १.३४.० आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या. ज्याने ऑक समाविष्टच केले नव्हते, त्याच्यापुरता तो प्रश्न बहुतांशी मिटलेला होता.

दोन गोष्टी मात्र स्वतः लक्षात ठेवाव्या लागतात. एक, दुरून लॉगिन करण्यासाठी यात टेलनेटडी आहे पण सुरक्षित एसएसएच नाही. टेलनेटवरचा पासवर्ड तारेवरून उघडा जातो, म्हणून प्रयोगशाळेबाहेर जाणाऱ्या बोर्डवर ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर बसवावा. दुसरी, यातले डब्ल्यूगेट एचटीटीपीएसचे पत्ते उघडते, परंतु समोरच्याचे प्रमाणपत्र पडताळत नाही आणि तशी सूचनाही छापते. फर्मवेअरची नवी फाइल केवळ त्याच्या भरवशावर उतरवून घेऊ नये. स्वाक्षरी वेगळी तपासावी.

टॉयबॉक्स काय आहे? तो घ्यावा का?

रॉब लँडली यांनी बिझीबॉक्सनंतर सुरू केलेला त्याच प्रकारचा प्रकल्प. त्याचा परवाना बीएसडी धर्तीचा, अतिशय मोकळा आहे आणि २०१५ मधल्या अँड्रॉइड ६.० पासून तो अँड्रॉइडमध्ये आहे. कोड वाचायला नीटस आहे. मात्र संपूर्ण बोर्ड उभा करायचा असेल, तर बिझीबॉक्सची व्याप्ती आणि त्याभोवतीचे अनुभवाचे भांडार आज तरी अधिक आहे, म्हणून नवशिक्यांना आम्ही बिझीबॉक्सच सुचवतो.

बिझीबॉक्स घातलेले उपकरण विकता येते का? पैसे द्यावे लागतात का?

विकता येते आणि पैसे द्यावे लागत नाहीत. दुसरेच काही द्यावे लागते. बिझीबॉक्स जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या आवृत्ती २ खाली आणि केवळ त्याच आवृत्तीखाली मिळतो. तुम्ही उपकरण विकले म्हणजे बिझीबॉक्सच्या बायनरीचे वितरण केले. त्यामुळे ज्याच्या हाती ते उपकरण जाते त्याला त्या बायनरीचा नेमका मूळ कोड सोबत द्यावा लागतो, किंवा मागितल्यास देऊ असे किमान तीन वर्षे बंधनकारक राहणारे लेखी आश्वासन द्यावे लागते. परवान्याची प्रतही सोबत हवी.

‘कोड तर इंटरनेटवर आहेच’ हे उत्तर पुरत नाही. परवान्यात कोडबरोबर कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टही अभिप्रेत आहेत, म्हणून तुमची कॉन्फिग फाइल, तुम्ही लावलेले पॅच आणि बांधणीच्या स्क्रिप्ट हे सगळे त्यात आले. तुमचा पंप चालवणारा स्वतंत्र प्रोग्रॅम मात्र केवळ शेजारी आहे म्हणून जीपीएलखाली येत नाही. तो उघड करावा लागेल या भीतीने बिझीबॉक्सच लपवणारे उद्योजक भेटतात, आणि ही भीती अनाठायी आहे.

अमेरिकेत जीपीएलच्या उल्लंघनाचा पहिला खटला २००७ मध्ये दाखल झाला तो बिझीबॉक्सवरूनच, एरिक अँडरसन आणि रॉब लँडली यांच्या वतीने. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला. डिसेंबर २००९ मध्ये एकदम १४ कंपन्यांवर दावा गुदरला गेला. परवान्याच्या चौथ्या कलमानुसार अटी मोडल्या की वितरणाचा हक्क आपोआप संपतो, हे या खटल्यांचे मूळ. आमच्याकडे माल पाठवताना पाळायची रीत साधी आहे: ज्या दिवशी फर्मवेअर बांधले, त्याच दिवशी त्याचा कोड, कॉन्फिग आणि पॅच एका टारमध्ये भरून त्यावर फर्मवेअरचा क्रमांक टाकायचा. दोन वर्षांनी कुणी मागितल्यावर तो गोळा करायला बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

चालू बोर्डवर बिझीबॉक्सची नवी आवृत्ती कशी टाकावी?

जपून. सीपी, एमव्ही, एलएस, शेल हे सगळे त्याच एका फाइलीतून चालतात; ती फाइल अर्धवट राहिली तर ती दुरुस्त करायला हाताशी एकही आज्ञा उरत नाही. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत वेगळ्या नावाने उतरवावी, तिला परवानगी द्यावी, त्या नावाने एखादे ॲप्लेट प्रत्यक्ष चालवून पाहावे आणि मगच एमव्हीने जुन्या नावावर आणावी, कारण एकाच फाइल सिस्टीममध्ये नाव बदलणे एका झटक्यात होते. थेट सीपीने वर लिहायला गेल्यास फाइल वापरात असल्याची तक्रार येते, आणि ती आली तर नशीब समजावे. जुनी स्टॅटिक प्रत वेगळ्या नावाने ठेवून द्यायला जागा असेल तर ठेवावीच.

तुमच्याकडे अडचण आणताना काय घेऊन यावे?

बोर्ड, त्याचा वीजपुरवठा आणि बूट होतानाचा संपूर्ण सिरियल लॉग. मोबाइलवर काढलेला पडद्याचा तिरपा फोटो नको. नुसते ‘बिझीबॉक्स’ दिल्यावर छापली जाणारी पहिली ओळ उतरवून आणावी, कारण तिच्यात आवृत्ती असते. कॉन्फिग फाइल हरवली असेल आणि बांधताना बीबीकॉन्फिग हे ॲप्लेट ठेवले असेल, तर ते ती जशीच्या तशी छापून देते. सिरियल केबल सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. वेग बहुतेक बोर्डांवर ११५२०० असतो. केबल घेताना ३.३ व्होल्टची आहे ना, हे दुकानातच मीटर लावून पाहा. ५ व्होल्टच्या केबलने बोर्डची पिन जळू शकते, आणि तशी जळालेली पिन घेऊन आलात तर आमच्याकडे त्यावर इलाज नाही.